घराचा विमा होता, तरी गळतीचे आणि चोरीचे पैसे का नाही मिळाले?

पत्र सांगलीहून आलंय. लिहिणाऱ्या ताई शाळेत शिक्षिका आहेत, गावभागाजवळ त्यांचं स्वतःचं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला, घरात नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हट्टाने घराचा विमा काढला, आतेभावाकडून, तो एजंट आहे. 'घराचं काहीही झालं तरी कव्हर आहे' असं तो म्हणाला होता. गेल्या जुलैत वरच्या खोलीचं छत गळलं, प्लास्टर पडलं, कपाट फुगलं, गाद्या गेल्या. त्याच आठवड्यात वाऱ्याने गच्चीवरच्या शेडचा पत्राही उचकटला होता. क्लेम टाकला तर 'जुनी गळती' म्हणून नाकारला. मग दिवाळीत सगळे चार दिवस ताईंच्या माहेरी गेले असताना मागच्या दाराची कडी तोडून चोरी झाली, पाटल्या, सासूबाईंची बोरमाळ आणि रोख पस्तीस हजार गेले. तोही क्लेम नाकारला. आता पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. नवरा म्हणतो एक पैसा भरायचा नाही, शिवाय 'बँकेने होम लोनच्या वेळी विमा काढलेलाच आहे की'. सासूबाई घालूनपाडून बोलतात. आतेभाऊ म्हणतो चूक कंपनीची. ताई विचारतात, पॉलिसी बंद करू का, कंपनीशी भांडू का, आणि भावाशी काय बोलू?

ताई,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा वाईट वाटलं ते बोरमाळेचं, कारण तिचे पैसे मिळाले असते तरी ती बोरमाळ काही परत आली नसती आणि घरात आत्ता जो राग चाललाय त्यातला बराचसा तिच्यासाठीचा असावा असं मला वाटतं. सासूबाई तुम्हाला बोलतात ते मनाला लागतं हे समजतंय, पण विमा काढला म्हणून चोरी झालेली नाही, आणि काढला नसता तरी ती झालीच असती. तेवढं ओझं तुम्ही स्वतःवर घेऊ नका.

आता मुद्द्याचं बोलूया. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीय आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, पत्र्याची. त्यावर येतेच, पण आधी हा विमा चालतो कसा ते सांगते कारण ते कळल्याशिवाय दोन्ही क्लेमचं काय झालं ते कळणार नाही.

आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी असते की घराचा विमा म्हणजे घरात जे बिघडेल, मोडेल, जाईल ते सगळं कंपनी भरून देणार. तसं नसतं. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी आणली, 'भारत गृह रक्षा' नावाची, आणि आगीचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना ती ठेवावी लागते, तुमची पॉलिसीही बहुतेक तीच असणार, कागदावर नाव बघा. त्यात घटनांची एक यादी दिलेली आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, झाड किंवा गाडी घरावर येऊन आदळणं, दंगल, अतिरेकी हल्ला, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं, अशा. नुकसान या यादीतल्या घटनेमुळे झालं असेल तर पैसे, नाहीतर नाही. म्हणजे तुमचं कपाट फुगलं हे सगळ्यांनाच दिसतंय, कंपनी विचारते ते हे की कशामुळे फुगलं.

छत वर्षानुवर्षं झिरपत होतं, वॉटरप्रूफिंग संपलं होतं, त्यामुळे ओल आली, तर ते यादीत नाही. ओल, बुरशी, गंज, वाळवी, रंग उडणं, झीज, ही सगळी देखभालीची कामं धरतात आणि ती आपल्याच खिशातून. पण वादळी वाऱ्याने पत्रा उचकटला, त्याखालचा भाग उघडा पडला आणि पाणी आत आलं, तर कारण वादळ झालं, आणि वादळ यादीत आहे! दोन्हीत छत ओलंच दिसतं, गाद्या भिजलेल्याच दिसतात. तुम्ही क्लेम फॉर्मवर काय लिहिलं होतं हो? 'पावसामुळे छत गळाले' एवढंच लिहिलं असेल तर सर्व्हेयरने, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान बघायला येणाऱ्या माणसाने, त्याचा अर्थ जुनी गळती असा लावणं अगदी शक्य आहे.

म्हणून भांडायच्या आधी हे करा. नाकारल्याचं पत्र काढा, त्यात कुठल्या कलमाखाली नाकारलंय ते लिहिलेलं असायला हवं, नसेल तर लेखी मागा, सर्व्हेयरच्या रिपोर्टची कॉपीसुद्धा मागा. मग त्या आठवड्यातले फोटो शोधा, मोबाईलमधल्या फोटोवर तारीख असते, नवऱ्याच्या, मुलांच्या फोनमध्येही बघा, पत्रा बसवायला आलेल्या माणसाचं बिल असेल, शेजाऱ्यांचेही पत्रे उडाले असतील, त्या दिवशीच्या वाऱ्यापावसाची पेपरातली बातमी असेल. हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा की नुकसानाचं कारण वादळ होतं, पुन्हा तपासा.

पण ताई, एक प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि त्याचं उत्तर खरं द्या. त्या छतावर आदल्या पावसाळ्यातही डाग होता का? होता तर तो लपवून सगळं नुकसान वादळावर घालू नका. खोटी माहिती दिली असं सिद्ध झालं तर पूर्ण क्लेम जातो, आणि खोटं लिहिल्याची टोचणी राहते ती वेगळीच. जेवढं पत्र्यामुळे झालं तेवढंच मागा. थोडं मिळालं तरी ते तुमच्या हक्काचं असेल.

चोरीचं मात्र मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाहीये. या ठरावीक पॉलिसीत चोरी आहे, पण फारच थोडी. यादीतली एखादी घटना घडली, उदाहरणार्थ पूर आला आणि त्यामुळे घर उघडं पडलं, आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. दिवाळीत घर बंद असताना कडी तोडून झालेली चोरी त्यात बसत नाही. त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, जास्तीचे पैसे भरून. तरीही पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे कशाला किती रकमेचं कव्हर आहे ते लिहिलेलं पान, एकदा बघून घ्या कारण काही कंपन्या घरफोडीचा भाग जोडून पॅकेज विकतात, आणि आपण भरतोय ते पॅकेज आहे की नुसती मूळ पॉलिसी हे कित्येकांना माहीतच नसतं. शेड्यूलवर घरफोडीसमोर रक्कम लिहिलेली असेल तर तुमचा क्लेम उभा राहतो, नसेल तर त्यावर आणखी वेळ आणि मन घालवू नका.

आणि सोनं. हे सगळ्याच वाचकांनी नीट वाचा. मूळ पॉलिसीत घरातलं सामान आपोआप धरलेलं असतं, घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, पण त्यात फर्निचर, टीव्ही, फ्रिज, कपडे, भांडी हे येतं. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू यांना वेगळं ऐच्छिक कव्हर आहे, त्यासाठी यादी द्यावी लागते आणि किंमत आधी ठरवावी लागते. गंमत नाही, खरंच सांगते, हे ऐच्छिक कव्हर घेऊनही नुसत्या घरफोडीचे पैसे मिळत नाहीत कारण तेही त्याच घटनांच्या यादीवर चालतं. सोन्याला चोरीपासून संरक्षण हवं तर घरफोडीचं कव्हर हवं आणि त्यात दागिने नावानिशी हवेत, सोनाराच्या बिलासकट किंवा व्हॅल्युएशनसकट. सासूबाईंच्या जुन्या दागिन्यांची बिलं कोणाकडेच नसतात, तर उरलेल्या दागिन्यांचं वजन आणि किंमत सोनाराकडून लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. रोख रक्कम, नाणी, सोन्याची वळी, सुटे हिरे, चेक, शेअरचे कागद, घराची कागदपत्रं, यातलं काहीच मूळ पॉलिसीत येत नाही. त्यामुळे ते पस्तीस हजार मिळाले नसतेच.

तुम्ही म्हणाल मग लॉकरमध्ये ठेवते. ठेवा, पण तिथेही अशीच एक गोड समजूत आहे. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही. रिझर्व्ह बँकेचा 2022 च्या जानेवारीपासूनचा नियम असा आहे की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यामुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावाने दोन लाखांत किती सोनं येतं ते तुम्हीच बघा. आणि भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढंही नाही. चोराच्या भीतीपुरता लॉकर घरापेक्षा चांगलाच, फक्त विमा म्हणून त्याच्याकडे बघू नका.

आता मिस्टरांच्या बोलण्यावर येते. ते म्हणतात बँकेने विमा काढलाय. ताई, आज संध्याकाळीच तो कागद शोधा. होम लोनच्या वेळी बँका जो विमा गळ्यात घालतात तो बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, म्हणजे कर्ज घेणारा गेला तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं, घराच्या भिंती पडल्या तर त्यातून एक रुपयाही येत नाही. काही वेळा बँक खरोखर मालमत्तेचाही विमा घेते, पण तो फक्त कर्जाच्या रकमेएवढा असू शकतो आणि सामान त्यात असेलच असं नाही. कागदावर 'प्रॉपर्टी' लिहिलंय का 'लाइफ' लिहिलंय हे बघितलं की घरातला निम्मा वाद मिटेल.

आणि एक पैसा भरायचा नाही म्हणतात त्याबद्दल. राग बरोबर आहे, निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि तो तुम्ही सांगलीत राहता म्हणून जास्तच चुकीचा वाटतो. तुमच्या पॉलिसीत चोरी नाही, जुनी गळती नाही, पण पूर आहे. 2005 आठवतो, 2019 आठवतो, 2021 आठवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं, गावभागात, मारुती चौकात काय हाल झाले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. ज्या घराला पुराची भीती आहे त्या घराने पूर कव्हर करणारी पॉलिसी सोडायची, ती चोरीचे पैसे देत नाही म्हणून? पुरात तळमजला गेला तर दुरुस्ती, सामान, शिवाय घर राहण्यालायक होईपर्यंत दुसरीकडे राहायचं भाडं, हे सगळं तिच्यात आहे. दोन वर्षं भरलेला हप्ता वाया गेला असंही मला वाटत नाही, त्या दोन वर्षांत पूर आला असता तर तोच कामाला आला असता.

फक्त पुराच्या बाबतीतही काही गोष्टी बाहेर राहतात, त्या आत्ताच माहीत असू द्या. दारात उभी असलेली स्कूटर, कार यात येत नाही, तिला गाडीचाच विमा लागतो आणि तोही नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, असेल तर पुरासाठी काही कामाचा नाही. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवून बघायची नाही हेही मुलांना सांगून ठेवा, इंजिनात पाणी गेलेलं असताना ती चालू केली तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यातही इंजिनाचे पैसे अडतात, त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्ट घ्यावं लागतं. मुलांची सर्टिफिकिटं, सातबारा, खरेदीखत भिजलं तर त्याची भरपाई नाही, म्हणून ती वरच्या मजल्यावर आणि शिवाय स्कॅन करून. आणि वर सांगितलेले ते सात दिवस, पूर आला की माणसं नातेवाईकांकडे जातात, काही भागांत पाणी उतरायलाच तेवढे दिवस लागतात आणि त्या काळात चोऱ्या होतात, तर परत जाता येईल त्या दिवशीच काय गेलंय ते बघून पोलिसांत नोंदवा, चिखल काढण्यात आठवडा घालवून मग नको.

पाणी उतरल्यावर आपल्या बायकांचा हात पहिल्यांदा झाडूकडे जातो. थांबा. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मग कंपनीला फोन, मग साफसफाई. खराब झालेल्या वस्तू सर्व्हेयर बघेपर्यंत फेकू नका, कुजायला लागल्या आणि टाकाव्याच लागल्या तर फोटो काढून आणि कंपनीला मेसेज करून टाका. तलाठी किंवा महापालिकेचा पंचनामा होईल त्याची कॉपी हातात ठेवा.

भिंतीच्या तड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण नदीकाठच्या आणि काळ्या मातीतल्या घरांसाठी लिहूनच टाकते. जमीन खचणं यादीत आहे, पण नवीन बांधकाम बसताना पडणारे नेहमीचे तडे, भर टाकलेली जमीन सरकणं, नदीने काठ खाणं, सदोष बांधकाम किंवा निकृष्ट माल, शेजारच्या प्लॉटवरचं खोदकाम, यामुळे झालेलं नुकसान त्यातून बाहेर काढलंय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना दरवर्षी रेघा पडतात, त्याला भूकंप म्हणून क्लेम करू नका, तो टिकणार नाही. शेजारच्या खोदकामाने तडा गेला तर भरपाई त्या बिल्डरकडे मागायची, काम सुरू व्हायच्या आधीच आपल्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढून ठेवले तर मागता येते.

विजेच्या वस्तूंचंही असंच. व्होल्टेज वरखाली झालं, शॉर्टसर्किट झालं आणि फ्रिज जळला तर त्या फ्रिजचे पैसे नाहीत, अगदी वीज पडून त्यातला विजेचा भाग जळला तरी नाहीत. पण त्या फ्रिजमधून आग पसरली आणि पडदे, ओटा, कपाट जळालं तर त्यांचे आहेत. उपकरणांच्या बिघाडासाठी वेगळं कव्हर मिळतं, माझं मत विचाराल तर आधी चांगला स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून तुमच्या छताला येणारी ओल हा विम्याचा विषयच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि फ्लॅटमधल्या संडास, सिंक वगैरेंची त्या सभासदाने, तेव्हा लेखी अर्ज सोसायटीकडे. सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय म्हणून निर्धास्त असाल तर त्यात तुमच्या घरातलं सामान नसतं. भाड्याने राहत असाल तर भिंतींची काळजी मालकाची, तुम्ही फक्त सामानाचा विमा घ्या.

रकमेचंही बघून घ्या ताई. विमा जमिनीचा नसतो, तो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो, कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. 800 चौरस फूट आणि 2,000 रुपये दर धरला तर 16 लाख, आणि मग आपोआप मिळणारं सामानाचं कव्हर 3 लाख 20 हजार. तेवढ्यात तुमचं सामान बसत नसेल तर जास्तीचं सांगून घ्या. आणि मागे खोली वाढवली असेल, कार्पेट एरिया 10 टक्क्यांहून जास्त वाढला असेल, तर कंपनीला कळवून त्यांची मान्यता घ्या, नाहीतर ऐनवेळी तो वाढीव भाग बाहेर.

आता भाऊ. तो खोटं बोलला असं मी लगेच म्हणणार नाही, कित्येक एजंटांनी स्वतः पॉलिसीची पूर्ण पानं वाचलेली नसतात, ट्रेनिंगमध्ये सांगितलेली चार वाक्यं ते पुढे सांगतात. पण 'चूक कंपनीची' म्हणून त्याला बाजूला होता येणार नाही, 'काहीही झालं तरी कव्हर' हे शब्द त्याचे होते. त्याला घरी बोलवा, चहा द्या, समोर पॉलिसी ठेवा आणि विचारा की दादा, यातलं चोरीचं कलम मला वाचून दाखव. सासूबाई आणि मिस्टर समोर असू देत, दोष तुमच्या एकटीच्या माथी राहणार नाही. आवाज चढवू नका, पण नात्यासाठी गप्पही बसू नका. त्याने तेव्हा व्हॉट्सॲपवर काही लिहून पाठवलं असेल तर ते मेसेज डिलीट करू नका. आणि इथून पुढे त्याच्याकडूनच घ्यायचं असेल तर घ्या, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लेखी, पॉलिसीच्या पान नंबरसकट.

पत्र्याच्या क्लेमवर कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा पुन्हा नाही म्हटलं तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि त्यापुढे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा विमा लोकपाल आहे, सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय. तिथे फी नाही, वकील चालतच नाही, तुम्ही स्वतःच बोलायचं, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात. मुदत मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष, म्हणून नाकारल्याच्या पत्रावरची तारीख आत्ताच बघून ठेवा.

रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे ना, तर माझं म्हणणं असं की मूळ पॉलिसी चालू ठेवा, शेवटच्या दिवसाची वाट न बघता, खंड पडलेल्या दिवसांत काही झालं तर काहीच मिळत नाही. घरफोडीचं कव्हर दोन-तीन कंपन्यांकडून विचारून घ्या आणि विचारताना तीन गोष्टी लिहून मागा, दागिन्यांची कमाल रक्कम किती, घर सलग किती दिवस बंद असलं तर चालतं, आणि कडी तोडल्याची खूण नसेल, म्हणजे ओळखीच्या कोणी किंवा कामवालीने नेलं तर काय. उत्तरं पटली नाहीत तर ते कव्हर घेऊ नका, त्या पैशांत मागच्या दाराला सेफ्टी डोअर बसवा. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र मे महिन्याच्या आत करून घ्या, त्याचे पैसे कुठलीच कंपनी देणार नाही.